मिटल्या तोंडाने माणदेश

माणदेशात बघण्यासारखं काही नाही असं आमच्या सांगलीत म्हणतात, आणि ते खरं आहे. मी जाऊन बघून आलो. माळ, माळावर धोंडा, धोंड्यावर सरडा; आणि त्या सरड्याच्या तोंडावरही ‘पाहुणं, वाट चुकलासा जणू’ असा भाव. ऐकण्यासारखं मात्र तिथं पुष्कळ आहे. ते ऐकायला देवानं नेमकं मला पाठवावं, यावरून देव आमच्याच भागातला असावा अशी मला शंका आहे. अशी चेष्टा दुसरीकडच्याला सुचणार नाही.

मी कोण ते सांगतो. कृष्णाकाठच्या कुस्त्यांच्या मैदानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून कर्ण्यातून पुकारा करतो तो मी. माझं तोंड फार थोड्यांनी पाहिलेलं आहे, कारण लोक कुस्तीच्या हौद्याकडं बघत असतात. पण आवाज पाळण्यातलं पोरही ओळखतं. मी ‘सलामी’ म्हणालो की तीन गावांतल्या म्हशी पान्हा सोडतात. पैलवान घरून येतो तेव्हा किलोत असतो. मी त्याला क्विंटलात नेऊन ठेवतो.

आता बिरू विरकरचंच घ्या. माणदेशातला सडपातळ धनगर गडी, पहिल्यांदा आमच्या मैदानात उतरला तेव्हा त्याला ओळखणारा त्याच्या अंगावरचा लंगोट सोडून कुणी नव्हतं. मी कर्ण्याचा माइक तोंडाशी धरला. ‘मंडळी, कोयनेचा भूकंप तुम्ही सोसलात, आता माणदेशचा भूकंप बघा! सकाळी दोन हंडे दूध, दुपारी सबंध मेंढा, आणि सांजच्याला ज्या विहिरीवर पाणी प्यायला वाकतो, ती विहीर दुसऱ्या दिवशी गावाला कोरडी सापडते!’ लोकांनी फेटे उडवले. बिरू त्या दिवशी जिंकला, आणि तेव्हापासून एकही मैदान भूकंपावाचून होईना. हे मी कुणावर उपकार म्हणून सांगत नाही. माझा स्वभावच दानशूर.

तर असा मी, गेल्या फाल्गुनात एका मैदानात उभा राहिलो, ‘सलामी’ म्हणायला तोंड उघडलं आणि कर्ण्यातून कोंबडीचं पिल्लू बाहेर पडलं.

मिरज

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या घशात आरसा घालून पाहिलं. आत त्यांना काय दिसलं कोण जाणे. बराच वेळ ते एखाद्या ऐतिहासिक इमारतीची पडझड पाहावी तसे पाहत राहिले.

‘चैत्री पौर्णिमेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही,’ ते म्हणाले. ‘कुजबुजसुद्धा नाही. बोललात तर हा आवाज असाच राहील. जन्मभर.’

मी हातवारे करून विचारलं, अगदीच काही नाही?

‘तोंड मिटून हळूच हूं म्हणा. तेवढं चालेल.’

पौर्णिमेनंतर लगेच आमच्या जत्रेचं मैदान, वर्षातलं सगळ्यात मोठं. कमिटीचे अध्यक्ष अण्णा समाचाराला आले आणि आमच्या घरचे पोहे खात म्हणाले, ‘तोवर घसा सुटला तर कर्णा तुमचाच. न्हाईतर शाळंतल्या ड्रिलमास्तरांस्नी सांगून ठेवलंय.’ या मास्तरांचा आवाज शेळी शिंकल्यासारखा. जत्रेत एकदा त्यांच्या हाती कर्णा गेला की तो परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. कर्णा आणि खुर्ची यांचा गुण एकच.

आमच्या मंडळींनी घटकाभरात निकाल दिला. ‘आवं, तुमी झोपंत बी पुकारा करताय. घरात ऱ्हायलासा तर उद्या सकाळपातूर घसा जातोय. जावा दादाच्या गावाला. तितं ऐकायचा मठ हाय.’

हा दादा म्हणजे माझा मेहुणा. लढाई बघून, पेन्शन घेऊन आलेला हवालदार. म्हसवडच्या पुढं बोरखडी नावाच्या वाडीत राहतो. तो मला न्यायला आला. आजवर या माणसाला माझ्यापुढं एक वाक्य पुरं करता आलेलं नव्हतं. मी बोलू शकत नाही हे कळल्यावर त्याच्या तोंडावर जी प्रभा फाकली, ती मी युद्ध जिंकल्याच्या दिवशीही पाहिली नव्हती.

एस.टी.त, विट्याच्या पुढं

तासगावपर्यंत द्राक्षाच्या बागा होत्या, विट्यापर्यंत झाडं होती, आणि सगळीकडं हवालदार होता.

तो बोलत होता. शेजारच्याशी, पुढच्याशी, कंडक्टरशी, खिडकीबाहेरच्या गुरांशी. त्यानं पूर्वेच्या आघाडीवर एकट्यानं रणगाडा अडवला. कसा? पुढं उभा राहून. ‘हॉल्ट म्हनलो! ब्रेक लागला की वो!’ आता हवालदार लढाईत लंगरखान्यावर होता आणि त्यानं काही अडवलंच असेल तर डाळीचा ऊत, हे मला चांगलं माहीत. पण मी बोलू शकत नव्हतो. थाप कशी मारावी याचं एक शास्त्र आहे; रणगाडा अडवायचा तर आधी त्याचा आवाज आणावा लागतो, धूळ आणावी लागते, मग गडी आणायचा. हा सरळ ब्रेक लावून मोकळा! एखाद्या गवयाला बांधून ठेवून पुढ्यात बेसूर गाणं लावावं, तसे माझे हाल झाले.

‘ह्ये पाहुणं काय बोलत न्हाईत?’ समोरच्या बाईनं विचारलं.

‘वाचा न्हाई,’ हवालदार म्हणाला. ‘जलमापासनं.’

झालं. बाईनं ‘अगागा!’ म्हणून मला एक केळं दिलं. मागच्या म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग, मुका म्हणजे बहिराच असणार असं धरून, सगळी गाडी माझ्यासमोर माझ्याविषयी बोलू लागली.

‘अंगापिंडानं बरा हाय की.’

‘बायकू हाय का?’

‘हाय. माजीच भन.’

‘तिचं लय चांगलं झालं म्हनायचं,’ म्हातारी म्हणाली. ‘घरात बोलनं न्हाई, काय न्हाई.’

यावर सबंध एस.टी.नं मान डोलावली. ड्रायव्हरनंही.

आटपाडी मागं पडली, दिघंची गेली. झाडं अशी कमी होत गेली की कुणीतरी पुढं जाऊन ती उचलून ठेवत आहे असं वाटावं. म्हसवडला उतरून सिद्धनाथाला हात जोडले. तिथं पुजाऱ्यानं काय मागणं आहे ते विचारलं. मी घशाकडं बोट दाखवलं. त्यानं मला प्यायला पाणी दिलं.

बोरखडी

आमच्याकडं आणि तिकडं मुख्य फरक पाण्याचा. कृष्णाकाठी पाणी बारा महिने, त्यामुळं आम्ही ते सांडतो आणि शब्दही सांडतो. पाहुण्याला ‘जेवून जावा’ असं आम्ही तीनदा म्हणतो. चौथ्यांदा म्हटलं तर चुलीवर खरोखर काही आहे असं समजायचं. बोरखडीत हवालदाराच्या बायकोनं गुळाचा खडा आणि तांब्या पुढं ठेवला, ‘जेवा’ म्हणाली आणि ताट वाढलं. मला वाटलं भांडण झालंय.

जेवण म्हणाल तर बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, आणि हुलग्याचं माडगं. माडगं हा पातळ पदार्थ दिसायला ओढ्याच्या पहिल्या पाण्यासारखा. पहिल्या घोटाला वाटतं, देवा, मी काय केलं होतं? दुसऱ्या घोटाला वाटतं, बरं आहे. त्यानंतर मी वाटी पुढं करत होतो आणि ती माउली काही न विचारता ओतत होती. उसाच्या मुलखात जन्मून मला हुलग्याची गोडी लागली, हे कारखान्याच्या चेअरमनना कळू नये.

मठ वाडीच्या वर, माळावर. मठ म्हणजे खडकाची एक कपार, तिला पुढून दगडी भिंत, आणि आत काळोखात घोंगडं पांघरून बसलेले बाबा. तिथं भजन नाही, कीर्तन नाही, टाळ नाही. तिथली रीत वेगळी. लहानपणी आजी गोष्ट सांगताना ‘हूं म्हन, न्हाईतर मी सांगायची न्हाई’ असं म्हणते ना, तीच रीत त्या माळावर देवाच्या कामाला लावलेली. एकेकानं आत जायचं, मनातलं बोलायचं. बाबा नुसतं हूं म्हणणार. उपदेश नाही, अंगारा नाही, उपास नाही. पण तो हूं मिळाल्याशिवाय उठायचं नाही. हूं मिळाला म्हणजे बोललेलं पोचलं.

आणि दिवस कलला की सगळ्यांनी बाहेर माळावर बसायचं, अंधार पडेपर्यंत ऐकायचं. काय ऐकायचं? जे असेल ते.

‘लय अवघड ड्रिल हाय, दाजी,’ हवालदार म्हणाला. ‘मी तर बसल्या बसल्या झोपतो.’

मी बसलो. आधी काही नाही. मग माझ्या डोक्यातून पुकारा सुरू झाला. ‘मंडळी, आता मैदानात उतरतोय वारा! बोरीच्या झुडपाला त्यानं पट काढलाय! तिकडून मेंढरं, गळ्यात घंटा...’ मी त्याला गप म्हटलं, तर तो मला गप बसवण्याचाही पुकारा करू लागला. पहिल्या दिवशी मी माळावर एवढा दमलो की हौद्यात कधी कुणी दमलं नसेल. दुसऱ्या दिवशी माडगं जास्त झालं होतं. पोटानं सबंध मठाची साधना मोडली. पुढं केव्हातरी, कोणता दिवस ते ध्यानात नाही, असं झालं की दूर एक मेंढी खोकली. नुसती खोकली. आणि आतल्या पुकाऱ्यानं ‘माणदेशची वाघीण’ वगैरे काही जोडलं नाही. मेंढी खोकली, संपलं. त्या खोकल्याच्या पलीकडं सबंध माळ केवढा मोठा होता ते मला कळलं. दचकून मी डोळे उघडले, तेव्हा शेजारी हवालदार घोरत होता.

बाबांची जागा

आयतं जेवतोय म्हणून मठात झाडायचं काम मी अंगावर घेतलं होतं. एका सकाळी झाडताना माझं ढोपर लागलं आणि फळीवरची जर्मनची पातेली एकावर एक खाली आली. असा आवाज झाला की बाहेरची मेंढरं पार ओढ्यापर्यंत गेली आणि एक गाभण शेळी जागीच व्यायली. बाबांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर. बाबांची पापणी हलली नाही. उलट, समोर कुणी नसताना शांतपणे म्हणाले, ‘हूं.’

मी त्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मग मागं वळून पातेली पाहिली.

‘कळलं व्हय रं तुला?’

मी मान हलवली.

‘दुष्काळाच्या सालापासनं,’ बाबा म्हणाले. ‘आदी उजवा गेला, मग डावा. कुनाला ठावं न्हाई. मानसाच्या थोबाडाकडं बगितलं की कळतंय कवा हूं म्हनायचं. पर आता डोळ्यात बी पडदा आलाय गड्या. थोबाडं पुसाट दिसत्यात. परवा एकजन रडत हुता का हसत हुता, मला समजंना.’

ऐकण्याच्या विद्येतला एवढा थोर माणूस, सबंध तालुका ज्याच्यापाशी मन मोकळं करायला येतो, तो ठार बहिरा! हे सांगण्यासाठी माझी जीभ टाळ्याला धडका देऊ लागली. असली बातमी माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या हाती लागली नव्हती, आणि लागली ती नेमकी पौर्णिमेच्या आधी.

बाबा हसले. तोंडात दोनच दात, पण दोन्ही लबाड. ‘तुजं बरं हाय. तुला सांगताच येत न्हाई. मी मिरजंला जाऊन डोळ्याचं आप्रेशन करून येतो. तवर माज्या जागेव तू बस.’

मी दोन्ही हात जोडून नाही नाही म्हणालो. बाबांना पडद्यामुळं ते नमस्कारासारखं दिसलं असावं. त्यांनी घोंगडं काढून माझ्या अंगावर घातलं, काठी घेतली आणि हवालदाराबरोबर मिरजेला निघून गेले.

अशा रीतीनं आयुष्यात कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देणारा मी ऐकण्याच्या गादीवर बसलो. वाडीला सांगितलं की हा बाबांचा चेला, सांगलीकडचा, मुका. लोकांनी हरकत घेतली नाही. हूं येतोय ना, मग झालं.

पहिली आली ती एक म्हातारी. तिनं मेलेल्या शेळीचं वर्णन केलं. शिंगांपासून सुरुवात करून शेपटीपर्यंत यायला तिला दुपार लागली. दोनदा मला वाटलं, आपण हिला जरा वेग द्यावा. तिसऱ्यांदा असं लक्षात आलं की त्या शेळीचा एक कान दुमडलेला होता आणि म्हातारी तो रोज सरळ करायची. मी हूं म्हणालो, ती डोळे पुसून उठली.

मग दोन भाऊ, वेगवेगळे. बांध सरकवल्याचं भांडण, कोर्टापर्यंत गेलेलं. थोरला म्हणाला बांध माझा, मी म्हणालो हूं. धाकटा म्हणाला बांध माझा, मी म्हणालो हूं. दोघंही वाटेत एकमेकांना भेटले, ‘बाबांच्या चेल्यानं मला कौल दिलाय’ असं दोघांनी सांगितलं, आणि कौल मिळालेल्या माणसाला शोभेल अशा मोठ्या मनानं दोघांनी तो बांध एकमेकांना देऊन टाकला. आता तो कुणीच घेत नाही. त्यावर बोरी उगवल्यात.

माझी कीर्ती वाढू लागली. वडूजहून लोक येऊ लागले. मला वाटू लागलं की कर्णा गेला तरी हरकत नाही, या धंद्यात घसा लागत नाही. आणि अशा फुगलेल्या अवस्थेत, पौर्णिमा तोंडावर आली असताना, दिवस मावळायच्या सुमाराला कपारीत एक गडी वाकून आला. बसताना त्याचा गुडघा वाळलेल्या काटकीसारखा वाजला.

‘राम राम बाबा. मी बिरू. विरकराचा.’

घोंगडं मी नाकापर्यंत ओढलं.

भूकंप माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. एक पाय मात्र दुमडत नव्हता, तो त्यानं लांब केला होता. मी याला हजारदा पुकारला, पण एवढ्या जवळून कधी बघितला नव्हता. कानशिलं पिकायला लागली होती. बघितला तर साधा माणूस. जरा वाळलेलाच.

‘कुनाला सांगू न्हाई असं हाय, म्हनून हितं आलो,’ तो म्हणाला. ‘सांगलीकडं एक कर्ण्यावाला हाय.’

‘हूं,’ मी म्हणालो. घसा बरा असता तर किंकाळी निघाली असती.

‘मानूस वंगाळ नसंल. म्या त्येला बगितला न्हाई. पर त्येनं मला भूकंप केला. दोन हंडे दूद पितो म्हनला. बाबा, आमच्या घरात चार शेरडं. दुष्काळात खडी फोडायच्या कामाव गेलो, तर मुकादम म्हनतो, तू भूकंप न्हवं का? दोन ढीग फोड. पगार एकाचाच. गावची हीर आटली, तर बाया माज्याकडं बगून पदराआड बोलायच्या. म्या वाकून प्यालोय म्हनं!’

बाहेर लोक ऐकायला माळावर बसले होते. सगळं निवांत होतं. मी घोंगडं आणखी वर ओढलं.

‘आन जोड लावताना पंच काय करत्यात? कर्णा ऐकत्यात. माज्या वजनाचा गडी मला कुनी देईना. दीडपट देत्यात. भूकंपाला कोन पायजे, डोंगर पायजे! चार वर्सं डोंगराखाली गेली. गुडगा गेला.’ त्यानं गुडघ्यावर थाप मारली, जोराची नाही. ‘पडायचं काय वाटत न्हाई, बाबा. पैलवान पडतोच. पर मानूस पडला तर लोक उचलत्यात. भूकंप पडला की हासत्यात.’

मी तोंड मिटून बसलो. आत सबंध मैदान उठलं होतं. मला सांगायचं होतं, अरे गड्या, मी बोललो नसतो तर तुला कुत्रं ओळखत नव्हतं! तुला पहिला फेटा कुणी बांधवला? तुला दूध मी पाजलं, बाबा, निदान कर्ण्यातून तरी! वाक्यं रांगेत उभी होती. एकच बाहेर पडलं असतं तरी माझा आवाज गेला असता, आणि नसतं पडलं तर मी फुटलो असतो.

‘औंदा जत्रंला इडा उचलून बसलोय. शेवटची कुस्ती. न्हाई म्हनलो तर भूकंप भ्याला म्हनतील. करून टाकायची, मग मेंढरं राखायची. पर त्यो परत सुरू झाला की संपलं. मागं न्हाई, म्होरं न्हाई. त्येनं नुसतं नाव आन गाव घेतलं, तर मी मानसासारका पडंन.’ मग जरा लाजून, आवाज खाली आणून म्हणाला, ‘ऐकलंय, त्येचा घसा बसलाय. म्या बिरोबाला नारळ बोललोय, बाबा. तो घसा असाच ऱ्हाऊ दे. सुटूच ने.’

आणि तो हूं-ची वाट बघू लागला.

वाचकहो, अनेक संतांच्या परीक्षा झाल्या आहेत. कुणाला विष, कुणाला शिव्या. पण स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या तोंडावर शिक्का मारायची पाळी कुणावर आली नसेल. डॉक्टर म्हणाले होते, हूं चालेल. त्यांना या हूं-ची कल्पना नव्हती. मी हूं म्हणालो की याचा नवस पोचला. हूं म्हणालोच नाही तर हा उठणार नाही, रीतच आहे. तो बसून राहिला. मी बसून राहिलो. कपारीच्या तोंडातलं ऊन त्याच्या लांब केलेल्या पायावरून हळूहळू सरकलं, गुडघ्यावर आलं. गुडघा सुजून तांब्याएवढा झालेला होता. मी नेहमीप्रमाणं त्याला घागरीएवढा करायला गेलो, पण तो तांब्याएवढाच राहिला.

‘हूं,’ मी म्हणालो.

‘लय हलकं वाटलं,’ बिरू म्हणाला, आणि खडकाला धरून उठला.

परत कृष्णाकाठी

बाबा मिरजेहून आले. डोळे असे झाले होते की मेंढीच्या अंगावरची गोचीड ते वाडीच्या पलीकडून दाखवत. त्यांनी माझं थोबाड निरखून बघितलं, बराच वेळ, आणि न विचारताच म्हणाले, ‘हूं.’ हवालदारानं मला एस.टी.त बसवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा चांगला श्रोता त्याला परत मिळणार नव्हता.

मिरजेला डॉक्टरांनी आरसा घातला आणि म्हणाले, ‘बोला.’

मी तोंड उघडत नव्हतो. बिरोबाला कबूल झालेला नारळ माझ्या घशात अडकला होता.

‘अहो, बोला की!’

‘काय बोलू?’ मी म्हणालो. खिडकीची तावदानं थरथरली. पलीकडच्या खोलीतला रोगी उठून चालत घरी गेला.

म्हणजे बिरोबानं त्याचं ऐकलं नव्हतं.

जत्रेचं मैदान. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात हौदा, भोवती माणसांचे डोंगर, हलगीचा कडकडाट. ट्रॉलीवर मी आणि हातात कर्ण्याचा माइक. शेजारी अण्णा, आणि खाली ड्रिलमास्तर, चेहऱ्यावर सुतक. दुपारभर मी मनमुराद पुकारा केला. कुणाला वाघ केलं, कुणाला वणवा. आवाज नव्या घंटेसारखा लागत होता. मग बिरूचं नाव आलं. एकीकडून दीडपट वजनाचा डोंगर उतरला, दुसरीकडून तो, लंगडणं दिसणार नाही अशा बेतानं चालत. मैदान उठून उभं राहिलं. आता दोन हंडे दूध येणार, मेंढा येणार, विहीर आटणार. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. एवढी तयार झालेली वाक्यं कुठं टाकून देता येतात का?

‘बिरू विरकर,’ मी म्हणालो. आणि त्याचं गाव सांगितलं.

हलगी थांबली. लोक वाट बघत होते.

‘म्होरं?’ अण्णांनी मला कोपर मारलं. ‘आवं, भूकंप म्हना की! इसरलासा व्हय?’

खाली ड्रिलमास्तर उभे राहिले. त्यांनी माइकसाठी हात वर केला.

बिरू मान खाली घालून उभा होता, जसा माणूस पाठीवर पोतं टाकलं जायची वाट बघतो. मी माइक तोंडाशी घेतला. तोंड मिटलं.

‘हूं.’

चारी कर्ण्यांतून तो निघाला, मैदानावरून गेला, कृष्णा ओलांडून पलीकडच्या गावात उतरला. बिरूनं झटकन मान वर केली. आधी आभाळाकडं, मग कर्ण्याकडं, मग तार धरत धरत त्याची नजर ट्रॉलीवर आली आणि माझ्यावर थांबली. तोंड उघडं पडलं. मग तो हसला, आणि हौद्यातली मूठभर माती उचलून दंडाला लावली.

पडला. चांगला लढून पडला. पाठ लागली तेव्हा कुणी हसलं नाही. डोंगरानंच हात देऊन त्याला उठवलं आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला. अण्णा मात्र माझ्याशी बोलेनासे झाले. पुढच्या जत्रेला माइक मास्तरांकडं जाईल असं म्हणतात. जाऊ दे, तोवर त्यांची शिंक तरी बरी होईल.

मैदान मोडल्यावर बिरू ट्रॉलीपाशी आला, चाकाला टेकला आणि अर्धा नारळ वर सरकवला.

‘नवस निम्माच फळला,’ तो म्हणाला. ‘म्हनून निम्मा नारळ. ह्यो तुमचा.’

तिथंच बसून आम्ही खोबरं खाल्लं. तो मेंढरांविषयी बोलत होता, बराच वेळ, आणि माझं तोंड भरलेलं होतं. ती कुस्ती किती वेळ चालली, कोणता डाव बसला, हे मला विचारू नका. मी आता जे जसं आहे तसंच सांगतो. पडताना जमीन जरा हलली, एवढंच. कोयनेपर्यंत नाही. कराडपर्यंत.